पाय नेमका कुठे होता?

जगात ज्याला त्याला एखादी कला येते. कुणाला गाता येतं, कुणाला पोहता येतं, कुणाला दुसऱ्याच्या ताटातलं जास्त दिसतं. मला काहीही न करता पडून राहता येतं! हसू नका. या क्षेत्रात माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, आणि तोही एकही रजा न घेता. घरात माझं नावच 'ढिम्म्या' आहे. बाबांनी ते शिवी म्हणून ठेवलं होतं, मी ते पदवी म्हणून लावतो.

त्यामुळे त्या दिवशी ताई डोकं धरून बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "पुतळेकाकांची पाठ धरलीय! आता उद्या माझं काय होणार?" तेव्हा आपल्या जन्माचं सार्थक होण्याची घटका आली, हे मी कोचावर पडल्या पडल्या ओळखलं.

थोडं मागचं सांगतो. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. विमा कंपनीच्या कचेरीत खिडकीमागे बसून ती सात वर्षं लोकांचे अर्ज तपासत होती. एक दिवस तिनं एका अर्जाच्या पाठीमागे अर्जदाराचं नाक काढलं. ते तिला इतकं आवडलं, की तिनं राजीनामा दिला आणि चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं. बाबा एवढंच म्हणाले, "चांगली नोकरी सोडून कोळसा उगाळायला चाललीय." ते शब्दशः खरंच होतं. तिथे सगळं कोळशाच्या कांडीनंच काढतात.

बाकी सगळ्या विषयांत ताई पास झाली. अडलं ते एकाच ठिकाणी. समोर जिवंत माणूस बसवून त्याचं चित्र काढायची जी परीक्षा असते, तीत ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा शेरा तोच : 'मापं अचूक. जीव नाही.' विम्याच्या कचेरीतून आलेल्या माणसाला हे किती लागत असेल, विचार करा! तिसरी खेप म्हणजे शेवटची, कॉलेजचा नियमच तसा. एका शाळेनं चित्रकलेच्या बाई म्हणून तिची जागा राखून ठेवली होती, पण पदविका हातात पडली तरच. आणि परीक्षा पुढे गेली तर सहा महिन्यांनी. तोवर शाळा थोडीच थांबणार?

पुतळेकाका हे कॉलेजचे कायमचे मॉडेल. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं चालून झाल्यावर आता अजिबात हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अंगावर माशी बसली तर शेवटी माशीच कंटाळून उडायची. असा माणूस परीक्षेच्या आदल्या दिवशी शिंकला, आणि शिंकेच्या आकारातच अडकून बसला!

"मी बसतो," मी म्हणालो.

"कुठे?"

"पुतळेकाकांच्या जागी."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ताईनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिला आधी काडी तपासून घ्यायची होती.

"हलायचं नसतं रे तिथे."

"ताई, ढिम्म्या कुणाला म्हणतात?"

"झोपेत लाथा मारतोस तू."

"लहानपणी! तेव्हा जागा कमी होती."

जागा खरंच कमी होती. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत आम्ही दोघं एकाच पलंगावर झोपायचो. ताईचं म्हणणं, माझा डोळा लागला रे लागला की माझं सगळं अंग दचकायचं, डावा पाय उडायचा आणि तिच्या नडगीवर येऊन बसायचा. मग ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि मी शांत व्हायचो. हे सगळं ती सांगते. मी झोपलेलो असायचो, त्यामुळे मी साक्षीदार होऊ शकत नाही.

"कपडे काढावे लागतात का गं?" मी हळूच विचारलं.

"अर्धी चड्डी आणि बनियन. बिनभोकांचा."

"मग शोधावा लागेल."

आता कुठलंही काम करायचं तर तयारीनिशी करावं. मी रात्रभर न हलण्याचा सराव केला. एकदा वाटलं, पायाला खाज सुटली तर? मग तो सरावही केला. शिंक आली तर? या काळजीत पहाट झाली. सकाळी डोळे चुरचुरत होते म्हणून पाच कप कॉफी घशात ओतली. आता झोप येण्याचा प्रश्नच नव्हता! असं मला वाटलं. मला असं बरंच काही वाटतं.

परीक्षेची खोली उंच छताची. मध्ये लाकडी चौथरा, त्यावर गादी, गादीवर चादर. भोवती चौदा विद्यार्थी लांबट बाकांवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेले. या बाकाला तिथे 'डाँकी' म्हणतात. बाकाला, विद्यार्थ्याला नाही. पर्यवेक्षक म्हणून एक तरुण सर होते. हातात नियमांची पुस्तिका, आणि चेहरा असा, की घराला आग लागली तर आधी पुस्तिकेतलं 'आग' हे पान काढतील.

त्यांनी मला लोडाला टेकवून आडवं केलं. उजवा हात डोक्याखाली, उजवा गुडघा उभा, डावा पाय सरळ. मग खिशातून पांढरा खडू काढला आणि माझ्या सगळ्या अंगाभोवती चादरीवर रेघ ओढली.

"हे कशाला?"

"मधल्या सुट्टीनंतर तुम्हाला परत याच जागी ठेवायचं असतं. विद्यार्थ्यांचं चित्र अर्धवट झालेलं असतं ना! पाय चार बोटं सरकला तर चौदा चित्रं वाया."

"सर, तुम्ही निर्धास्त राहा. मी ढिम्म हलत नाही."

हे वाक्य मी जरा मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्या बाकावरून ताईनं डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

परीक्षा सुरू झाली. डोक्यावर मोठा दिवा, त्याची गोड ऊब. चौदा कागदांवर चौदा कोळशाच्या कांड्यांची खसखस. गादी मऊ. कुणी बोलत नव्हतं, कुणी मला 'ऊठ, कामधंदा बघ' म्हणत नव्हतं. उलट चौदा शिकलेली माणसं माझ्या पडून राहण्याकडे आदरानं बघत होती! असा सन्मान मला घरी कधी मिळाला नाही. मी एका जिन्यावरून उतरू लागलो. छान जिना होता. एक पायरी, दुसरी पायरी, शेवटची पायरी... पाय टाकला, आणि पायरीच नव्हती!

धाड!

डोळे उघडले तेव्हा माझा डावा पाय हवेत होता, उजवा गुडघा आडवा होता, आणि लोड चौथऱ्यावरून घरंगळत पहिल्या बाकाच्या दिशेनं निघाला होता.

"हललात!" पर्यवेक्षक ओरडले.

"मी नाही! जिना हलला!"

"खडूच्या रेघेत या! लगेच!"

मी घाईघाईनं रेघेत शिरलो. पाच मिनिटांनी मागून एक पोरगी म्हणाली, "सर, आधी उजवा गुडघा उभा होता. आता डावा आहे." मी पाय बरोबर रेघांत घातले होते, फक्त अदलाबदल करून. पण तोवर निम्म्या लोकांनी नवा गुडघा काढून टाकला होता! पुस्तिकेत याला काही तोडगा नव्हता. सरांनी पिवळा खडू काढला आणि नवी रेघ ओढली. "आता हेच अंतिम. आणि जागे राहा! मनातल्या मनात पाढे म्हणा."

मी सतराचा पाढा घेतला. सतरा त्रिक एक्कावन्नला मी पुन्हा जिन्यावर होतो.

धाड!

या वेळी हातही उडाला आणि दिव्याच्या उभ्या दांड्याला लागला. दिवा गर्रकन फिरला. खोलीतल्या सगळ्या सावल्या डावीकडून उजवीकडे गेल्या. चौदा जणांनी दीड तास घोटून घोटून काळी केलेली माझी बाजू आता लख्ख उजेडात होती!

"अहो, हा माणूस आहे की वाहतुकीचा सिग्नल?" एक दाढीवाला विद्यार्थी रडकुंडीला आला.

गलका ऐकून शेजारच्या वर्गातून शरीररचनेच्या बाई आल्या. त्यांच्या हातात लांब काठी होती. त्यांनी काठीचं टोक माझ्या पोटरीवर ठेवलं आणि तिथेच तास सुरू केला.

"घाबरू नका, हा आजार नाही. झोप लागताना स्नायू सैल पडतात. मेंदू अर्धा जागा, अर्धा झोपलेला. त्याला कधी कधी वाटतं, आपण पडतोय! मग तो सगळ्या स्नायूंना एकदम हुकूम सोडतो, सावरा! निदान असा एक अंदाज आहे. खरं कारण अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

"आपले पूर्वज झाडावर झोपायचे, म्हणून होतं असं," दाढीवाला म्हणाला.

"तोही एक अंदाजच."

"मनात काही लपवलेलं असलं की दचकतं माणूस," दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नसलेले गुन्हे आठवू लागलो.

बाई माझ्याकडे वळल्या. "दमलेल्याला, ताण असलेल्याला आणि कॉफी पिणाऱ्याला हे जास्त होऊ शकतं. काल झोपलात?"

"नाही."

"ताण?"

"आहे."

"कॉफी?"

"पाच कप."

"छान," बाई म्हणाल्या, आणि काठी खाली घेतली. शिक्षकांचं 'छान' काय असतं, हे मी शाळेपासून ओळखून आहे.

सरांनी निळ्या खडूनं तिसरी रेघ ओढली आणि मधली सुट्टी दिली. मी खाली उतरलो. ताई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. हात कोपरापर्यंत काळे.

"ताई, सॉरी गं."

"तुझा पाय मी दोनदा खोडलाय," ती शांतपणे म्हणाली. ताई शांतपणे बोलली की मला जास्त भीती वाटते. "कागदाची साल निघायला आलीय. अजून एकदा खोडला की भोक पडेल."

"आता नाही हलणार. शप्पथ!"

"तू हलत नाहीस रे, तू फक्त झोपतोस." ती हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं ते काळ्या हातानं पुसलं. आता ती स्वतःच खोडलेल्या चित्रासारखी दिसत होती. मला हसू आलं नाही. मी तुम्हाला सांगतो, मला कशावरही हसू येतं, पण तेव्हा नाही आलं.

आम्ही परत आत गेलो, तर चौथरा आरशासारखा स्वच्छ! नवी कोरी चादर, ताणून बसवलेली. मावशी अभिमानानं कपाळावरचा घाम पुसत होत्या.

"कसल्या रेघोट्या मारून ठेवल्या होत्या कुणीतरी! तीन-तीन माणसं काढलेली, सहा पायांची. परीक्षेच्या दिवशी असं बरं दिसतं का? धुवायला टाकली मी चादर."

पर्यवेक्षक मटकन खाली बसले. पुस्तिका हातातून गळाली. यानंतर जे झालं, ते कुठल्याही संसदेत झालेलं नसेल.

"पाय नेमका कुठे होता?" सरांनी विचारलं.

चौदा जणांनी चौदा दिशा दाखवल्या. प्रत्येकजण आपापल्या चित्राशी एकनिष्ठ! डावीकडच्या बाकांवर गुडघा उभा होता, उजवीकडे आडवा, आणि मागच्या रांगेत एकानं सावधगिरी म्हणून पायांवर चादरच काढली होती. शेवटी मतदान झालं.

"गुडघा उभा होता असं कोणाकोणाचं म्हणणं आहे? हात वर करा!"

सात.

"आडवा होता?"

सात.

"तुमचं काय म्हणणं?" सरांनी मला विचारलं. निर्णायक मत माझं होतं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मताला किंमत आली होती, आणि मला काही आठवत नव्हतं. पाय माझाच होता, पण मी झोपलेलो होतो.

इतक्यात दार उघडलं आणि बाहेरून येणारे परीक्षक आत आले. उंच, सडपातळ, पोरं त्यांना ओळंबेसर म्हणायची. त्यांच्या खिशात कायम दोरीला बांधलेला पितळी ओळंबा असायचा, गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला धरतात तसला. तो डोळ्यांसमोर धरून ते चित्रातला माणूस सरळ आहे की कललाय, ते मापायचे. ताईला दोनदा 'जीव नाही' म्हणणारे ते हेच.

"काय चाललंय?"

"मतदान, सर," पर्यवेक्षक म्हणाले आणि आपण काय बोललो ते ऐकून लाल झाले.

ओळंबेसरांनी निर्णय एका वाक्यात दिला. "गुडघा उभा. एक तास उरलाय."

मी गुडघा उभा केला. ओठ चावले, मांडीला चिमटे काढले. पण पाच कपांची कॉफी आता उतरली होती, दिव्याची ऊब तीच होती, आणि ओळंबेसर ज्या संथपणे चौथऱ्याभोवती फिरत होते, ते पाहून कुणालाही झोप आली असती. ते माझ्या गुडघ्याशी आले, वाकले, एक डोळा मिटला आणि ओळंबा माझ्या नडगीसमोर धरला. दोरी हळूहळू झुलत होती. इकडे... तिकडे... इकडे...

जिना!

माझा पाय थेट ओळंब्यावर! पितळी गोळा दोरीसकट उडाला आणि दिव्यावर आदळला. फट्! दिवा गेला, काचा सांडल्या. मी गादीसह चौथऱ्यावरून घसरलो आणि परीक्षकांच्या बुटांपाशी जाऊन थांबलो.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक बारीक आवाज आला. टर्रर्र. पाय पुन्हा खोडताना ताईच्या कागदाला भोक पडलं होतं.

"नवा कागद मिळत नाही," पर्यवेक्षक पुटपुटले. "नियम आहे."

"माहिती आहे," ताई म्हणाली.

मी चौथऱ्यावर चढलो. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता, तेवढाच. अर्धा तास उरला होता. आणि खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मी पापणीही हलवली नाही. झोप कुठल्या कुठे पळाली होती. आपल्या बहिणीचं तीन वर्षांचं काम आपण एका पायानं पाडलं, हे कळल्यावर माणूस जागाच राहतो. पुतळेकाकांनी येऊन पाहिलं असतं तर त्यांनी माझ्या पाया पडून निवृत्ती घेतली असती, इतका मी स्थिर होतो.

मान न हलवता मी ताईकडे पाहिलं. तिनं कागद उलटा केला होता. भोक एका कोपऱ्यात होतं. आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती! तिनं डोळे मिटले होते. परीक्षेत! मला वाटलं, संपलं. मग तिनं डोळे उघडले आणि हात असा चालवायला लागली, जसा तिनं तो कधीच चालवला नव्हता. माप नाही, खोडणं नाही. कांडी मोडली तर उरलेल्या तुकड्यानं.

वेळ संपली. ओळंबेसर एकेका चित्रापाशी थांबत गेले. तीन पायांचा माणूस. दोन सावल्यांचा माणूस. चादर. मग ताईचं चित्र आलं, आणि ते थांबले ते थांबलेच.

कागदावर मी होतो. पण पडलेलो नव्हतो. सगळं अंग गादीपासून उचललेलं, डावा पाय सुटलेला, बोटं फाकलेली, तोंड उघडं, आणि डोळे? डोळे अजून झोपेतच. शेवटची पायरी नसल्याचं कळण्याच्या क्षणातला माणूस.

"मॉडेल या स्थितीत होता?" ओळंबेसरांनी विचारलं.

"होता, सर. तीनदा."

"अर्धा सेकंद असेल प्रत्येक वेळी. तेवढ्यात बघून काढलंत?"

"नाही, सर. नऊ वर्षं बघून काढलंय." ताईनं खाली बघितलं. "भाऊ आहे माझा. लहानपणी आम्ही एकाच पलंगावर झोपायचो. त्याचं दचकणं मला पाठ आहे."

सरांनी सवयीनं ओळंबा चित्रासमोर धरला. चित्रातली एकही रेघ दोरीला जुळेना. त्यांनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला.

"ओळंबा लागून याच्या नडगीवर खूण राहिली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर," ताई म्हणाली. "माझ्या आहे."

ताई पास झाली. काठावर नाही, चांगली खणखणीत! शेऱ्याच्या जागी एवढंच होतं : 'मापं चुकलेली. हरकत नाही.' बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हरकत नाही म्हणजे चांगलंच ना?" मग शेजाऱ्यांना दाखवायला घेऊन गेले. चित्र कॉलेजच्या व्हरांड्यात लावलंय. खाली ताईनं नाव दिलंय : 'ढिम्म'. येणारी-जाणारी पोरं आधी चित्राकडे बघतात, मग नावाकडे, मग हसतात. मी तिकडून जाताना टोपी घालतो.

आणि मला नोकरी लागली! खुद्द ओळंबेसरांनी माझं नाव सुचवलं. कॉलेजनं 'हालचालीचं रेखाटन' असा नवा वर्ग काढला आणि मॉडेल म्हणून मला नेमलं. काम काय, तर चौथऱ्यावर झोपायचं आणि दचकायचं. झोपण्याचे पैसे! मी घरात सगळ्यांना पेढ्यासारखी ही बातमी वाटली.

पहिल्या दिवशी वीस विद्यार्थी कांड्या परजून बसले. मी आडवा झालो. डोळे मिटले. वीस जण माझ्या पायाकडे बघतायत, हे मिटल्या डोळ्यांनी दिसत होतं. झोप? नाव नको! एक तास गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शरीररचनेच्या बाईंनी स्वतः पाच कप कॉफी पाजली. मी ढिम्म! आठवड्याच्या शेवटी पर्यवेक्षकांनी पुस्तिका उघडून मला पत्र दिलं. हलत नाही म्हणून कामावरून काढलेला जगातला पहिला मॉडेल मीच असणार.

पत्र घेऊन घरी आलो. ताई खुर्चीत बसून शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत होती. मी तिच्या शेजारी कोचावर पडलो, पाच मिनिटं, नुसता विचार करायला म्हणून.

"आई गं!" एवढंच ऐकू आलं. जाग आली तेव्हा ताईच्या मांडीवरच्या वह्या जमिनीवर होत्या, एका हातानं ती नडगी चोळत होती, आणि दुसरा हात माझ्या गुडघ्यावर होता.

आता लाथ मीच मारली, असं तिचं म्हणणं. पण मी झोपलेलो होतो, त्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाही.